दोन गुंठे आणि वैनींची गोळी

इसार

अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, इचलकरंजीजवळच्या कबनूरमधल्या आमच्या भाड्याच्या घरात इसारापोटी एक लाख रुपये रोख मिळाले. हजर होते पैसे देणारे दस्तगीरभाई, माझे थोरले बंधू म्हणजे दादा, माझी बायको शैला आणि मी. विकायचा होता आमचा दोन गुंठ्यांचा प्लॉट, माझ्या आणि शैलाच्या नावावरचा. किंमत ठरली चौदा लाख. खरेदीपत्र तीन महिन्यांत करायचं होतं. आम्ही व्यवहार मोडला तर इसार दुप्पट परत, त्यांनी मोडला तर त्यांचा इसार बुडाला, ही आमच्याकडची रीत. कागदावरही तसंच लिहिलं.

मी एका यंत्रमाग कारखान्यात दिवाणजी आहे. कुठल्या मागावर किती कापड निघालं ते लिहायचं आणि आठवड्याला कामगारांचा पगार वाटायचा, हे माझं काम. दस्तगीरभाईंचं मागाच्या सुट्या भागांचं दुकान आमच्या कारखान्याच्या समोरच आहे, त्यामुळे ओळख जुनी.

नोटा चटईवर ठेवून ते म्हणाले, "दिवाणजी, मोजून घ्या की. जनमभर दुसऱ्याचं मोजलासा."

"बरोबरच असतील," मी म्हणालो.

"आयला, हा माणूस न मोजता पैसे घेतोय म्हंजे तब्येत खरंच बिघडल्या." ते एकटेच हसले. मग शैलानं नोटा उचलल्या आणि मोजल्या.

प्लॉट विकायचा होता तो माझ्या उपचारासाठी. त्या सकाळी मी सही केली, चहा प्यायलो आणि त्या दोन शब्दांपलीकडे काही बोललो नाही. आजारपणाबद्दल लिहायला घेतलं की मला दवाखान्याच्या आधी ती चटई आठवते.

दुसऱ्यांदा

दोन वर्षांपूर्वी डाव्या गालाच्या आतली जखम भरेना म्हणून तपासलं, तर तोंडाचा कॅन्सर निघाला. तंबाखूचं सगळेच विचारतात म्हणून सांगून टाकतो. खात होतो, विसाव्या वर्षापासून. ऑपरेशन झालं, जबड्याचा थोडा भाग काढला, नंतर रेडिएशनचे शेक दिले. बराचसा खर्च सरकारी योजनेतून भागला आणि मी कामावर परत गेलो.

डावा गाल आणि खालच्या ओठाची डावी बाजू बधिर राहिली ती राहिलीच. दाढी आरशात बघूनच करावी लागते, कापलं तरी कळत नाही. जेवताना ओठाला शीत चिकटलं तरी कळत नाही. त्यासाठी शैलानं एक खूण काढली. चारचौघांत ती काही न बोलता स्वतःच्या हनुवटीला बोट लावते आणि मी तोंड पुसतो. कॉलेजातली आमची मुलगी प्राजक्ताही तसंच करते. एकदा कारखान्याच्या मालकांनी सहज हनुवटी खाजवली तर मी रुमाल काढला.

यंदा फेब्रुवारीत मानेत गाठ लागली. तपासण्या झाल्या. निकालाच्या दिवशी आम्ही दोघं कोल्हापूरच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर बाई आहेत, सगळे त्यांना मॅडम म्हणतात. छातीच्या स्कॅनमध्ये बारीक ठिपके दिसत होते, ते त्यांनी पेनाच्या टोकानं दाखवले.

शैलानं विचारलं, "परत कापायचं का?"

"नाही. आता कापून उपयोग नाही, आणि त्याच जागी पुन्हा शेक देता येणार नाहीत. आजार पूर्ण घालवता येईल असं मी सांगणार नाही. दाबून ठेवायचा प्रयत्न करू. तुम्हाला जेवता यावं, बोलता यावं, कामावर जाता यावं, हे बघू."

कारखान्यात लाईट गेली की सगळे माग एका क्षणात थांबतात, पण कानात त्यांचा खडखडाट काही वेळ चालूच राहतो. समोरचा माणूस बोलतो ते दिसतं, ऐकू येत नाही. मला तसं झालं, आणि ते पुढे बरेच महिने तसंच राहिलं. भीती वाटली असं लिहायला हवं, पण खरं सांगायचं तर काही वाटलं नाही. परतताना एसटीत शैलाचं अर्धं आणि माझं पूर्ण तिकीट काढलं. कंडक्टरनं सुटे पैसे दिले ते मी न मोजता खिशात टाकले. शैला नंतर म्हणाली की तिला खरी भीती त्या वेळी वाटली, दवाखान्यात नाही.

भागाकार

मॅडमनी दोन वाटा सांगितल्या होत्या. एक म्हणजे नवीन इंजेक्शनं. ती दर काही आठवड्यांनी घ्यायची, एकेकाचा खर्च सगळं धरून सव्वा लाखाच्या घरात, आणि ती आमच्या योजनेत बसत नव्हती. काहींना त्यांचा चांगला उपयोग होतो, पुष्कळांना होत नाही, आणि कुणाला होईल हे आधी नक्की सांगता येत नाही. कितीजणांना होतो तो आकडा मी विचारला. त्यांनी सांगितला. मी तो इथं लिहीत नाही, कारण वाचणाऱ्याचा आजार वेगळा, त्याचा आकडाही वेगळा. त्यानं तो स्वतः विचारावा.

दुसरी वाट गोळ्यांची होती. मेथोट्रेक्सेट नावाची गोळी आठवड्यातून एकदा, आणि गुडघेदुखीला देतात तसली एक गोळी रोज दोन वेळा. दोन्ही औषधं जुनी. महिन्याचा खर्च हजाराच्या आत.

"स्वस्त आहे म्हणून देताय का?" मी विचारलं.

"ते एक कारण आहे, लपवत नाही," मॅडम म्हणाल्या. "इथं येणाऱ्या बहुतेकांना ती इंजेक्शनं परवडत नाहीत. म्हणून आपल्याकडच्या डॉक्टरांनी जुन्याच औषधांतून काही जमतं का ते तपासलं, आणि काही जमलं. पण नुसती स्वस्त असती तर मी दिली नसती."

"मग जाहिरात का नाही होत?"

"हजार रुपयांच्या औषधाची जाहिरात कोण करणार?"

मला हे पटलं. पण दादांना पटलं नाही. आमचं मूळ गाव गारगोटीजवळ. दादा तिथं शेती आणि दूध बघतात. ते कबनूरला आले आणि उभ्यानंच म्हणाले, "बाळू, हजार रुपयात म्हशीचं औषध येत न्हाय. तुझं कसं येईल?"

"मॅडमनी सांगितलंय."

"त्या सांगणारच. समोरचा गरीब दिसला की गरिबाचं औषध. मी भावकीत काय सांगू? भाऊ सस्तातल्या गोळ्यांवर सोडला म्हणून? प्लॉट हाय नव्हं? दोन म्हशी मी इकतो. इंजेक्शनं चालू कर."

मी भागाकार करून बघितला होता. प्लॉट म्हणजे अकरा इंजेक्शनं. दोन म्हशी म्हणजे फार तर आणखी दोन. पुढे काय, याचं उत्तर त्या भागाकारात नव्हतं. पण हे तोंडानं बोलायची ताकद माझ्यात नव्हती. शैलाकडं बघितलं. त्या प्लॉटवर स्वयंपाकघर कुठं येणार ते दाखवायला तिनं चार कोपऱ्यांना चार दगड ठेवले होते, आणि पावसाळ्यानंतर जाऊन ते गवतातून शोधून पुन्हा नीट लावायची.

ती म्हणाली, "प्लॉट परत घेता येतोय. तुमी न्हाय."

म्हणून इसार घेतला. खरेदीपत्र होईपर्यंत मधले तीन महिने गोळ्या घ्यायच्या असं ठरलं. दादा त्याला 'तोवरच्या गोळ्या' म्हणायचे.

मेडिकलमध्ये

कागद बघून दुकानदार म्हणाला, "संधिवात का? बोटं सुजल्यात काय?"

मी गाल दाखवला. त्यानं कागद पुन्हा वाचला. मग पाकिटावर लाल पेनानं 'फक्त रविवारी' असं मोठं लिहून म्हणाला, "काका, ही रोज घ्यायची न्हाय. आठवड्यातनं एकदाच. विसरू नका." मॅडमनीही तेच दोनदा सांगितलं होतं. वार मी रविवार निवडला, कारण त्या दिवशी शैला घरी असते. ती इचलकरंजीला एका शिलाई युनिटमध्ये कामाला जाते.

संध्याकाळी गावाहून वैनींचा फोन आला. दादांच्या मंडळी. त्यांना बरीच वर्षं संधिवात आहे, बोटं वाकडी झाली आहेत. मी गोळीचं नाव सांगितलं तर त्या हसायलाच लागल्या.

"अवो भावजी, ही तर माझी गोळी! मीबी रविवारीच घेते. चला, जोडीदार मिळाला."

मागून दादांचा आवाज आला, "काय हसतीस गं? ह्याला कॅन्सर झालाय आणि औषध तुझ्या बोटांचं!"

तेव्हापासून त्या गोळीचं नाव आमच्या घरात 'वैनींची गोळी' पडलं. मॅडमनी सांगितलं की ही मूळची कॅन्सरचीच गोळी, सांध्यांसाठी ती नंतर वापरायला लागले. मी दादांना ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, एवढंच.

गावाकडं

आमच्या गल्लीत माग चोवीस तास चालतात. एरवी सवय असते, पण त्या दिवसांत मला झोप लागेना. वजन उतरत होतं. दादा एक दिवस गाडी घेऊन आले आणि मला गावी घेऊन गेले. शैलाला काम सोडता येत नव्हतं, घरात तिचाच पगार चालू होता. तिनं गोळ्यांचा डबा दादांच्या हातात दिला आणि कुठली कधी ते सगळं सांगितलं.

गावी शांतता होती. सकाळी वैनी नाचणीची आंबील द्यायच्या, दुपारी भाकरी दुधात कुस्करून. मी ओसरीवर बसायचो. गावातले लोक भेटायला यायचे. "काय पावणं, कसं हाय?" म्हणायचे, आणि माझ्याकडं न बघता दादांकडं बघून विचारायचे, "इंजेक्शनं चालू केलासा न्हवं?" दादा म्हणायचे, "चालू करायची हाईत. प्लॉट इकलाय." मग लोक मान हलवायचे. आपल्या भावासाठी प्लॉट विकणारा माणूस म्हणून दादांकडं बघायचे. प्लॉट माझा होता, पण मला त्याचं काही वाटलं नाही. मला कशाचंच काही वाटत नव्हतं.

दादा रोज दोन वेळा तळहातावर गोळ्या आणून द्यायचे, मी पाण्याबरोबर गिळायचो. दुखण्याची, पोटाची, ताकदीची, अशा बऱ्याच असायच्या. कापडाच्या ताग्यात मीटरभर कमी भरलं तर मला लगेच कळायचं. माझ्या तळहातावर काय येतंय ते मी बघितलं नाही. हे मी लिहितोय ते मला कुणी वेडा म्हणावं म्हणून नाही. तुमच्या घरात कुणी असा गप्प झाला असेल, तर त्याच्या गोळ्या त्याच्यावर सोडू नका आणि एकाच माणसावरही सोडू नका, म्हणून लिहितोय.

रविवारी सकाळी

त्या रविवारी दादा दुधाची किटली घेऊन डेअरीवरून परत आले तेव्हा वैनी फ्रीजवरचा बिस्किटाचा डबा उघडून उभ्या होत्या. त्यात त्यांच्या गोळ्या असायच्या.

"अवो, माझ्या गोळ्या कुठं गेल्या?"

"संपल्या असतील."

"आठवड्याला घेणारी बाई मी. परवा आणलेल्या संपतील कशा? म्हशीला घातलासा का काय?"

दादांनी किटली खाली ठेवली. वैनींनी पुन्हा विचारलं. दादा माझ्याकडं न बघता म्हणाले, "बाळूला दिल्या."

"कशापायी? त्यांच्या न्हाईत का?"

"त्याच्या कमी पडत हुत्या. मी एक दिवसाआड देतोय, गेल्या आठवड्यापास्नं."

वैनींच्या हातातलं डब्याचं झाकण खाली पडलं. दादांचा आवाज चढला. "आरडू नगंस. तुझ्या बोटांस्नी आठवड्याला एकदा लागती. ह्याला कॅन्सर हाय. बोटांएवढंच औषध कॅन्सरला? ती बाई कंजूषपणा करती, मी कशाला करू?"

वैनींनी झाकण तिथंच राहू दिलं. माझ्यापुढं आल्या आणि म्हणाल्या, "भावजी, आ करा."

मी तोंड उघडलं. त्यांनी मोबाईलची बॅटरी लावून आत बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

उजव्या बाजूला दोन दिवस चुरचुरत होतं. मला वाटलं आंबिलीत मिरची जास्त झाली असेल. डाव्या बाजूला मला काही कळतच नव्हतं, आणि तिकडचा गाल आतून पूर्ण सोलवटला होता.

"मलाबी एकदा चुकून दोनदा घेऊन असंच झालतं," वैनी दादांकडं वळून म्हणाल्या. "तवा डॉक्टरनं किती शिव्या दिल्या, तुमी हुतासा की बरोबर. गाडी काढा आधी."

दादांना किल्ली सापडेना. ती त्यांच्या हातातच होती.

दवाखाना

कोल्हापूरला पोचेपर्यंत ताप भरला. पांढऱ्या पेशी फार उतरल्या होत्या. त्या गोळीचा परिणाम उतरवणारं एक इंजेक्शन असतं, ते ठरावीक तासांनी चालू झालं.

मॅडम आल्या. मला वाटलं, आता त्या दादांना फाडून खातील. त्या शांतपणे म्हणाल्या, "कुठल्या दिवशी किती दिल्या ते आठवून सांगा. काही लपवू नका. रागवायला नंतर वेळ आहे."

दादांनी वार मोजत सांगितलं. शाळेत गुरुजींपुढं उभा असलेला मुलगा सांगतो तसं.

रागावल्या त्या तिसऱ्या दिवशी, माझा ताप उतरायला लागल्यावर. "तुम्ही उसाला युरिया दुप्पट टाकता का?"

"टाकतो की," दादा म्हणाले.

नर्स तोंडावर हात धरून बाहेर गेली.

"मग काय होतं?"

"ऊस माजतो. वाऱ्याला पडतो."

"मग झालं तर," मॅडम म्हणाल्या.

त्या आठवड्यातलं मला फार काही आठवत नाही. सकाळी सहाला रक्त घ्यायला येत, आठला फरशी पुसत, मग चहा. घोटभर थंड दूधही गिळता येत नव्हतं. शेजारच्या खाटेवर गडहिंग्लजचे एक गृहस्थ होते. ते रोज सकाळी मला वर्तमानपत्रातलं शब्दकोडं मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि उत्तरही स्वतःच सांगायचे. मला बोलता येत नव्हतं, आणि त्यांना बोलणारा नको होता. आमचं चांगलं जमलं.

शैला दादांशी बोलत नव्हती. भांडलीही नाही. सगळ्यांना चहा ओतून हातात द्यायची, दादांचा ग्लास खिडकीत ठेवायची. दादा तो तिथून उचलून प्यायचे. मी खाटेवरून बघत होतो. भाऊ माझा, बायको माझी, आणि मी पगाराच्या रांगेतल्या अनोळखी माणसांकडं बघावं तसा बघत होतो. कुणाचा राग येत नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं, असं वाटलं तेवढंच.

चौथ्या दिवशी उजव्या गालाला आतून दूध गरम लागलं. मी नर्सला खुणेनं सांगितलं, गरम आहे. तिनं गार करून आणलं. एवढ्याचंही मला बरं वाटलं.

तोंड भरून आल्यावर मॅडमनी गोळ्या पुन्हा चालू केल्या. आधी कमी, रक्त तपासत. "गोळी वाईट नाही," त्या म्हणाल्या. "रविवारचीच आहे, एवढं ध्यानात ठेवा." डबा आता शैलाच्या ताब्यात आला. दर रविवारी नऊला वैनींचा फोन येतो, "भावजी, पाणी घेतलं? चला." दोघंही एकदम गिळतो. त्यानंतर त्या विचारतात, "कसं वाटतंय?" मी म्हणतो, "बोटं बरी हाईत." त्या म्हणतात, "माझा गालबी बरा हाय."

स्कॅन

खरेदीपत्राची मुदत संपायला आठवडा राहिला असताना स्कॅन झाला. मॅडमनी जुना आणि नवा शेजारी शेजारी लावले. छातीतले ठिपके होते तेवढेच होते. मानेतली गाठ थोडी बसली होती.

"बरं झालं असं समजू नका," त्या म्हणाल्या. "थांबलंय. किती दिवस थांबेल ते मला माहीत नाही. सध्या गोळ्या बदलायची गरज मला दिसत नाही."

"आणि इंजेक्शनं?" दादांनी विचारलं.

"त्यांची वेळ आली तर मी सांगेन. आज माझ्या घरातला माणूस असता तर मी याच गोळ्या चालू ठेवल्या असत्या."

बाहेर चहाच्या गाड्यापाशी आम्ही तिघं उभे राहिलो. दादा म्हणाले, "बाळू, आता थांबलंय तवरच जोर लावायचा. खरेदी बुधवारी करून टाकू."

"खरेदी करायची न्हाय, दादा." कितीतरी दिवसांनी मी पूर्ण वाक्य बोललो असेन.

"का?"

"गोळ्या चालतायत तवर प्लॉट राहू दे. गोळ्या थांबल्या तर तवा बघू. तवाबी प्लॉट तितंच असंल."

"माझ्या हातनं चुकलं म्हनून तू हे करतोयस." त्यांचा चहा कपातच होता. "म्हशी इकू नको, प्लॉट इकू नको, मग मी करू काय? नुसता बघत बसू? लोक म्हणणार, बायकोच्या गोळ्यांवर भाऊ ठेवला."

"लोकांस्नी काय..."

"तुला न्हाय कळायचं. तू बसलायस गप. मला गावात फिरावं लागतंय."

तेव्हा शैला बोलली. त्या सगळ्या दिवसांत ती दादांशी पहिल्यांदाच बोलली. आवाज चढवला नाही. "दादा, मी सही करणार न्हाय."

"शैला, तूच म्हणलीस की प्लॉट परत घेता येतोय."

"म्हणले. मी खोटं बोलले. मला तो परत घेता येणार न्हाय. हे गेल्यावर मी आणि प्राजक्ता कुठं ऱ्हायाचं, हे तुमी कुणी इचारलंय का?"

'हे गेल्यावर' हे शब्द आमच्या घरात तोपर्यंत कुणी मोठ्यानं उच्चारले नव्हते. सगळे त्याच्या भोवतीनं फिरत होतो. चहावाला कप विसळत होता, त्यानंही मान वर केली. मला वाईट वाटलं असेल, पण आधी हलकं वाटलं. कानातला तो खडखडाट बंद झाल्यासारखं. मग डोळ्यांत पाणी आलं. उजवीकडचं कळलं. डावीकडचं गालावरून खाली गेलं ते कळलं नाही. दादांनी माझ्याकडं बघत स्वतःच्या हनुवटीला बोट लावलं. ही खूण त्यांना कुणी शिकवली नव्हती. आमच्या घरी बघून उचलली असणार.

मी पुसलं.

कुणी हे वाचून असं समजू नये की महागडं औषध नाकारणं शहाणपणाचं असतं. उद्या माझ्या गाठी वाढल्या तर मलाही वेगळा हिशोब करावा लागेल. मी एवढंच सांगतो की औषध स्वस्त आहे म्हणजे डॉक्टरनं तुम्हाला सोडून दिलं असा अर्थ काढू नका, आणि स्वस्त आहे म्हणून आपल्या मनानं वाढवू नका. आमच्या घरात या दोन्ही चुका झाल्या, आणि दोन्ही मायेपोटी झाल्या.

मुरूम

मुदत संपायच्या आतच, पुढच्या गुरुवारी आम्ही दस्तगीरभाईंच्या दुकानात गेलो. दादा, शैला आणि मी. इसारातले एकवीस हजार दवाखान्यात खर्च झाले होते. ते शैलानं भिशी उचलून भरले. माझ्या पिशवीत एक लाख होते. दुसऱ्या लाखासाठी मी पतसंस्थेत अर्ज केला होता आणि तसं सांगायला आलो होतो.

"दुप्पट?" दस्तगीरभाई उठूनच उभे राहिले. "दिवाणजी, दवाखान्याच्या कामाला इकत हुतासा, आता गरज न्हाय म्हणताय. त्यात दुप्पट कसली? माझी अम्मी मला घरात घेईल काय?"

"कागदावर लिहिलंय. व्यवहार आम्ही मोडला."

"कागद मीच लिहिलाय, मीच फाडतो. पण एक हाय." ते परत बसले. "मी प्लॉटवर मुरूम टाकलाय. सहा ट्रॉल्या, ट्रॉलीला चौदाशेनं. तेवढा मला उचलून द्या, न्हाईतर पैसे द्या. ते मी सोडणार न्हाय, सांगून ठेवतो."

"मी बघून आलोय सकाळी," मी म्हणालो. "सहा ढीग हाईत."

"आयला! मोजून आलासा?"

"व्हय."

"म्हंजे तब्येत सुधारल्या," ते शैलाला म्हणाले. या वेळी शैलाही हसली. तिचे चारही दगड मुरमाखाली गेले होते. ते तिनं सकाळीच बघितलं होतं आणि म्हणाली होती, जागा माझ्या ध्यानात हाय.

पिशवीतल्या नोटा मी काउंटरवर ठेवल्या आणि मोजल्या. एकदा मी, मग त्यांच्यासमोर पुन्हा. मुरमाचे पैसे द्यायला खिशात हात घातला, तर दादांनी माझं मनगट धरलं. त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून दूधबिलाच्या नोटा काढल्या. मी त्यांच्याकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत नव्हते. शैलानं काउंटरवर आलेला चहाचा ग्लास उचलला आणि त्यांच्या हातात दिला.

इसाराचे एक लाख रुपये दस्तगीरभाईंना परत दिले, माझ्या हातानं. मुरमाचे आठ हजार चारशे त्यांनाच दिले, ते दादांनी. मी अडवलं नाही. येताना मेडिकलमध्ये महिन्याच्या गोळ्यांचे आठशे चाळीस दिले.